तुम्ही उभ्या राहता म्हणे

देवावरचा माझा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. विश्वासच नसता तर मी रोज सकाळी त्याच्याशी भांडले कशाला असते? माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर बालाजीची तसबीर आहे. लोक अंघोळ करून देवापुढे उभे राहतात. मी तोंड धुवायच्या आधीच त्याला चार शब्द ऐकवायची. माझं मागणं एकच होतं, मला उभी कर. पोरीचं लग्न, घराचा स्लॅब, काही काही मागायची नाही मी. एकदा उभी कर, मग तू तुझ्या घरी आणि मी माझ्या, असं मी त्याला तोंडावर सांगून टाकलं होतं. त्याने ते ऐकलं की नाही, आणि ऐकलं असेल तर नेमकं काय ऐकलं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. झालं ते जसं झालं तसं लिहिते.

आम्ही जानेफळचे. धंदा बांगड्यांचा. बाजारात दुकान मांडायचं काम यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, आणि पेटी घेऊन घरोघर जायचं काम माझं. यांचा स्वभाव मुका. गिऱ्हाइकाने 'ही कितीला' विचारलं तर हे नुसती बोटं दाखवणार. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलं आणि मी ते मनापासून केलं. बांगड्या भरणं हे तसं बोलण्याचंच काम आहे. बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा, तळवा दाबून दाबून मऊ करायचा, आणि तिचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून तिला बोलतं ठेवायचं. हात हातात असला की बाया नवऱ्याजवळ काढत नाहीत असे विषय काढतात. मी ऐकायची आणि पेटी उचलून पुढच्या दारात जायची. एका घरचं दुसऱ्या घरी नेलं नाही, एवढं मात्र मी पाळलं.

एकदा सुलतानपूरच्या बाजारातून येताना आमची काळी-पिवळी जीप रस्त्याच्या कडेला कलंडली. बाकीच्यांना खरचटलं. मी मात्र पेटीसकट खाली आले. आमच्या धंद्यात बांगडी 'फुटली' असं तोंडातून काढत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. त्या दिवशी अख्खी पेटी वाढवली गेली. पाठीच्या मणक्यासाठी मात्र असा कुठलाच चांगला शब्द नव्हता, तो सरळ मोडलाच. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण कमरेखालचं शरीर माझं असूनही मला ओळखेना. माझी मुलगी मनू पायाला तेल लावायची तेव्हा मी ते नुसतं बघायची, एखाद्या दुसऱ्या बाईचे पाय चोळताहेत तसं.

एका शिबिरात आम्हाला चाकाची खुर्ची मिळाली. देणाऱ्यांचा भाव चांगला होता, पण खुर्ची दोन माणसं बसतील एवढी ऐसपैस. मी तिच्यात एका बाजूला कलून जायची आणि मनू उशा कोंबून मला सरळ करायची. खाली गादी अशी नव्हतीच. बसून बसून मागे जखम झाली आणि मला पत्ताच नाही, कारण दुखतच नव्हतं. मनूला वास आला तेव्हा कळलं. त्यानंतर कित्येक दिवस पालथी पडून काढले. मेहकरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक डॉक्टर मुलगी होती, वयाने मनूपेक्षा थोडीच मोठी. ती मला म्हणाली, "काकू, पाय परत येतील असं मी खोटं सांगणार नाही. पण मापाची खुर्ची आणि खाली हवेची गादी असली तर तुम्ही स्वतःची स्वतः पलंगावरून खुर्चीत जाल, चूल बघाल, धंदा कराल. या जुन्या खुर्चीत मात्र पुन्हा बसू नका. अशी जखम दुसऱ्यांदा झाली तर जिवावर बेतेल." म्हणजे एक तर मापाची खुर्ची, नाही तर जन्मभर हा पलंग. खुर्चीचा आकडा ऐकून यांनी नेहमीसारखी बोटंसुद्धा दाखवली नाहीत.

मागायचं कुणाला? मला मागण्याचा मनस्वी तिटकारा. घरात मीठ संपलं तरी शेजारी वाटी पाठवायची नाही, अळणी खायचं, अशी मी. आमच्या गावात बालाजीच्या देवळात संध्याकाळी बायांचा हरिपाठ होतो आणि कौसल्याबाई त्याच्या म्होरक्या आहेत. वय झालेलं, पण आवाज असा की माईकची गरज नाही, तरी माईक त्यांच्याच हातात. हरिपाठ संपला की गावातल्या बातम्या त्या तिथूनच सांगतात. कुणाची शेळी हरवली, कुणाकडे बारसं आहे, सगळं. त्या मला भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "माय, मी सांगतो गावाले माईकवरून. गाव काही मेलं नाई."

मी खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर हो म्हटलं. पैसा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. गावाच्या कानावर माझी अडचण तेवढी घालायची, बाकी ज्याला कळेल त्याला कळेल. कौसल्याबाईंनी बालाजीच्या तसबिरीकडे बघून कबूल केलं, आणि ती बाई शब्दाची पक्की.

त्या संध्याकाळी पडल्या पडल्या मी देवळावरच्या भोंग्याकडे कान लावला. हरिपाठ संपला, माईक खरखरला आणि कौसल्याबाईंचा आवाज आला. "आयका हो गावकरी. आपल्या बांगडीवाल्या ताईले खुर्ची पाह्यजे हाये. आजवर तिनं आपल्याले काही मागतलं नाई. आता सगळ्यायनं तिच्या पाठीशी राहा अन् तिले खुर्चीवर बसवा." मला ते छान वाटलं. पैशाचा शब्द नव्हता, मानाने सांगितलं होतं. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागलेली आहे, सरपंचपद या वेळी बायांसाठी राखीव आहे आणि चौकाचौकात उमेदवारांची नावं उलटीपालटी होत आहेत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निवडणूक कुठली? कौसल्याबाईंचं म्हणाल तर त्यांना बालाजीपुढे सरपंच दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं भांडण नुकतंच उरकलं होतं. उभी कर, एवढं म्हणून मी तसबिरीवरून तोंड फिरवणार, तेवढ्यात शबानाभाभी आत आल्या. पलीकडच्या गल्लीत त्यांचं जनरल स्टोअर आहे. ईदच्या आधी त्यांच्या घरी सगळ्या पोरीबाळींचे हात मीच भरायची. त्या माझ्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "काऊन वो ताई, तुम्ही उभ्या राहून राह्यल्या म्हणे? अन् आम्हाले सांगतलं बी नाई."

'उभं' हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. मनू तर 'झाडू कोपऱ्यात उभा आहे' असं म्हणतानासुद्धा अडखळायची. तो शब्द असा भल्या सकाळी, हसऱ्या तोंडाने कुणी माझ्या अंगावर टाकेल असं वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदा वाटलं, भाभी माझी थट्टा करताहेत, आणि रागच आला. पण त्या आपल्याच नादात बोलत होत्या. त्यांची पूर्ण गल्ली माझ्या बाजूने आहे, कोणत्या घरात किती मतं, सासरी गेलेल्या पोरींची नावं अजून यादीत आहेत का, सगळं त्यांनी डोक्यात मांडून ठेवलं होतं. मग मला हळूहळू उमजत गेलं. खुर्ची. पाठीशी राहा. बसवा. कौसल्याबाईंनी माझी अट इतकी चोख पाळली होती की मी रात्रीतून सरपंचपदाची उमेदवार झाले होते. मला हसू आवरेना. मी हसता हसता म्हटलं, "भाभी, मले उभं तं राहू द्या आधी. पाय कुठं हायेत मले?"

त्या म्हणाल्या, "सरपंचाले पाय काय कराचे वो? सह्या हातानं करतेत." आणि मग जरा थांबून, "तुमच्यापाशी आम्ही मनातलं बोललो, ते कधी गावभर झालं नाई. असा मानूस पाह्यजे तिथी."

मी तसबिरीकडे बघितलं. इतके महिने एकच गोष्ट मागत होते, आणि ती मागून घटकाही झाली नव्हती तर दारातून तोच शब्द चालत आला होता. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला समजत नव्हतं. पण खूप दिवसांनी अंगावर काटा आला. कमरेच्या वरच, पण आला.

मी भाभींना खरं काय ते सांगणार होते, पण तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. दुसऱ्या एका उमेदवार बाईंचे दीर आले होते, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी यांना नमस्कार केला, मला नमस्कार केला, माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि खुर्ची ओढून जवळ बसले. "ताई, तुमचं नाव मोठं हाये बायांत," ते म्हणाले. "तुम्ही उभ्या राह्यल्या तं आमच्या वहिनीची मतं फुटतीन. माह्यं आयका, तुम्ही बसा." आमच्याकडे उमेदवाराने माघार घेतली की तो 'बसला' म्हणतात, हे कुणाला सांगायला नको. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मले मेहकरच्या दवाखान्यात समजलं का तुम्हाले दवाखान्याची बी खुर्ची घ्याची हाये. तिचं काय असंन ते आमच्याकडं लागलं. आजच्या आज. तुम्ही फक्त बसलो म्हणा."

दारात बसून हे बांगड्या निवडत होते. त्यांचे हात थांबले. मला पाहिजे होती ती वस्तू माझ्या पलंगापाशी येऊन बसली होती, एक शब्द बोलायचा अवकाश. कुणाला कळलंही नसतं. खोटं बोलावं लागलं नसतं, कारण बसलेली तर मी होतेच, तेसुद्धा उशांच्या टेकूने. मी यांच्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून होते, ठरवायचं ते मीच ठरवायचं होतं. मला जखमेचा तो वास आठवला आणि मनूचा घाबरलेला चेहरा. मोह झाला नाही असं लिहिलं तर देव माझ्या तोंडात मारील. पण जी उभीच नाही तिने बसण्याचे पैसे कुठल्या तोंडाने घ्यायचे? आणि भाभी तिथेच होत्या, माझी मतं मोजत. मी म्हटलं, "भाऊ, मले बसता यावं म्हूनच तं हे सारं चालू हाये. मी कुठं उभी नाई. मले उभं राहता येत नाई."

अपघातानंतर हे वाक्य मी पहिल्यांदा माणसांसमोर बोलले. बोलले आणि पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. ते भाऊ माझ्या पांघरुणाकडे बघत राहिले, ओशाळले, "माफ करजा ताई" म्हणाले आणि उठून गेले. पेढे तेवढे विसरले.

"मंग कोणती खुर्ची?" भाभींनी विचारलं. मी सांगितलं, चाकाची, मापाची, आणि ती घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. तो शब्दही माझ्याच तोंडून गेला. भाभी माझ्यावर अशा चिडल्या की विचारू नका. आजवरचं 'तुम्ही' त्यांनी एका दमात टाकून दिलं. "मंग तसं सांगाचं ना बाई! सांगाले काय जीभ झडते तुही?" मी म्हटलं, मला भीक नको. तशा त्या पलंगाच्या काठावर बसल्या आणि दोन्ही हात माझ्या पुढ्यात ठेवले. "भीक कोन देऊन राह्यलं तुले? बांगड्या भर. हात तं चालतेत ना तुह्ये?"

हात चालत होते. हात कधीच बंद पडले नव्हते. पायांच्या शोकात मला हातांची आठवणच राहिली नव्हती. यांनी न सांगता पेटी उचलून माझ्याजवळ आणली. मनूने पाठीमागे आणखी उशा लावल्या. मी भाभींचा तळवा दाबायला घेतला आणि माझी बोटं आपोआप कामाला लागली, मध्ये काही घडलंच नाही अशी. पहिली बांगडी चढली. दोघीही रडत होतो. दारात बसलेल्या आमच्या मुक्या माणसाने पेढ्यांचा पुडा उघडून सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवला.

त्या संध्याकाळी भोंगा पुन्हा खरखरला. "आयका हो. काल सांगतली ते खुर्ची, ते खुर्ची नव्हं. ताई उभी नाई, ताई बसून हाये. तिले चाकाची खुर्ची घ्याची हाये अन् तिले पैसे लागतेत. पैसे म्हणाचं नाई असं मले तिनंच बजावलं होतं, आज तिनंच त्या शब्दातून सोडवलं. जिले बांगड्या भराच्या असतीन तिनं ताईच्या घरी जा." सगळं गाव हसलं म्हणतात. माझ्या घरापर्यंत मात्र हसू नाही, बाया आल्या. दिवाळीला भरलेले हात पुन्हा भरायला आल्या. हिवरा आश्रम या गावात दिलेल्या लेकी माहेरी आल्या की बॅग ठेवून आधी माझ्याकडे. कुणी बांगड्यांचे पैसे देई, कुणी जास्त देई, कुणी हळूच उशीखाली सरकवून जाई. माझे यजमान ते सगळं बालाजीच्या तसबिरीखालच्या डब्यात टाकायचे. किती झाले ते मला सांगू नका, असं मी यांना बजावलं होतं. आमच्याकडे हात भरून झाले की भरणारीला नमस्कार करायची रीत आहे. त्या बाया वाकून माझ्या पायांना हात लावायच्या. मला तो स्पर्श कळत नव्हता, मी नुसती बघायची. पण बघता बघता ते पाय मला पुन्हा माझे वाटायला लागले.

डबा भरला तशी डॉक्टर मुलगी घरी येऊन माप घेऊन गेली. तोवर तिने शिकवलेले व्यायाम मी रडतकुढत नाही, हट्टाने केले. दंडात ताकद आली, जखम पुरती सुकली. खुर्ची आली त्या दिवशी यांनी उंबरठ्याला हळदकुंकू वाहिलं, त्याची क्षमा मागितली आणि छिन्नी-हातोडा घेऊन तो काढायला बसले. माझ्या सासूबाईंनी पुजलेला उंबरठा होता तो. मी नको म्हणाले तर त्या मुक्या माणसाने मला उत्तर दिलं, "घरातली लक्ष्मी बाहेर जाईन अन् परत येईन. मंग आड काऊन ठेवाचं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आता वाटतं, मी देवाला नुसतं मागत नव्हते, कसं द्यायचं तेही शिकवत होते. मला पाय दे, म्हणजे मी कुणापुढे हात पसरणार नाही, असा माझा हिशोब. त्याने पाय दिले नाहीत. त्याने एक गैरसमज दिला, आणि त्यात गावातल्या बायांनी माझ्यापुढे हात पसरले. तो गैरसमज कौसल्याबाईंच्या भोळेपणाचा की त्याच्या खोडीचा, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. माझ्यापुरतं मी एवढंच ठरवलंय, की मागायचं आणि मागितल्यावर हट्ट सोडायचा.

पहिल्यांदा घराबाहेर पडले ती देवळात जायला. मनू मागे होती, पण चाकं मीच फिरवत होते. देवळाला पायऱ्या आहेत. पूर्वीची मी तिथूनच हात जोडून परतले असते. मी खाली थांबून आवाज दिला, "मले उचला वो कोनी." हरिपाठाच्या बाया धावत आल्या आणि खुर्चीसकट मला आत नेऊन ठेवलं. हरिपाठ झाला. मग आरतीला सगळे उठून उभे राहिले, आणि माझ्यासमोर लुगड्यांची आणि सदऱ्यांची भिंत झाली. मला देव दिसेना. मनात म्हटलं, असू दे, घंटा तर ऐकू येतेय. डोळे मिटून मी टाळ्या वाजवू लागले.

कौसल्याबाई आरती ओवाळता ओवाळता कशाला तरी मागे वळल्या. त्यांनी मला पाहिलं. तबक तसंच हातात धरून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बसा सारे."

"आरतीले?" कुणीतरी म्हाताऱ्याने विचारलं.

"हाव, आरतीले. बसा."

थोडी कुजबुज झाली. आरतीला बसतात का कुठे? मग एक बसली, तिच्या शेजारची बसली, म्हातारे गुडघे धरून खाली टेकले, आणि पुढची रांग बसली तसं सगळं देऊळ बसलं. कौसल्याबाईही मांडी घालून बसल्या आणि बसल्या बसल्या ओवाळू लागल्या. माझ्यासमोर कुणी उरलं नाही. गाभाऱ्यापर्यंत सरळ वाट मोकळी झाली. सगळे बसलेले, आणि त्या अख्ख्या देवळात उभा तेवढा एकटा बालाजी. मी त्याच्याकडे पोटभर पाहिलं. मागायचं काही आठवलं नाही.